पाठकोरा कागद

आहारतज्ज्ञ बाईंना स्वतःचं हस्ताक्षर पहिल्यांदा भेटलं ते इस्त्रीवाल्याच्या दुकानात. भिंतीवर, वायरीच्या शेजारी, एक झेरॉक्स डकवलेली होती. केळी, टोमॅटो, बटाटा बंद. डाळी, अंडी बंद. दूध अर्धा कप. भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, उकळायच्या, पाणी फेकायचं. पिण्याचं पाणी दिवसाला चार पेले. अक्षरांची पोटं तशीच फुगलेली, ओळी तशाच उजवीकडे घसरलेल्या. बाईंनी विचारलं, हे काय? तर शरीर साफ करणारं जुनं पथ्य आहे, फार गुणकारी, तुम्हीही करून बघा, असं इस्त्रीवाल्यानं त्यांनाच समजावलं. बाई ‘बघते’ म्हणाल्या आणि कपडे न घेताच घरी आल्या.

मग तो कागद त्यांच्या मागेच लागला. एकदा शेजारणीच्या फ्रिजवर दिसला. एकदा तर खुद्द त्यांच्याच इस्पितळाच्या कँटीनमध्ये, आचाऱ्याच्या कपाटाच्या दाराला आतून. झेरॉक्सची झेरॉक्स होत अक्षरं जाड आणि काळपट झाली होती, तरी होती त्यांचीच. लोकांना मेलेल्या माणसाचं भूत दिसतं म्हणे. बाईंना एकोणीस वर्षांपूर्वीच्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या, घाईघाईत लिहिणाऱ्या त्या स्वतःच दिसत होत्या.

गंमत अशी की बाईंच्या खोलीत भिंतभर फळा होता. डावीकडे ‘समज’, उजवीकडे ‘सत्य’. रात्री भात खाल्ला की पोट सुटतं, हा समज. अंड्याचा पिवळा भाग विषासारखा, हाही समज. एकोणीस वर्षं घसा कोरडा करून त्या लोकांच्या डोक्यातली जळमटं काढत होत्या, आणि गावातला सगळ्यांत चिवट समज त्यांच्याच पेनातून निघाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कागद कुणासाठी लिहिला ते त्यांना पक्कं आठवत होतं. एक बुकबाइंडर होता. जबर तापात त्याची मूत्रपिंडं थकली होती. तेवढे काही दिवस इतकं कडक पथ्य हवंच होतं. पुढे तो बरा झाला की सोडायचं. बाईंना आठवत नव्हतं ते एवढंच, की ‘फक्त पंधरा दिवस’ हे आपण लिहिलं होतं, की नुसतं तोंडानं सांगितलं, की दोन्ही राहिलं? त्या दिवशी दारात ही भलीमोठी रांग होती. दात घासताना, जिना चढताना, घास तोंडाशी नेताना हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसायचा. त्या हडकल्या होत्या, आणि लोक कौतुकानं विचारायचे, कुठलं डाएट करता?

एका सकाळी बाइंडरची बायकोच समोर येऊन बसली, सहावा महिना लागलेल्या सुनेला घेऊन. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा यायचा. सुनेच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या, आणि वजन तिसऱ्या महिन्यापेक्षा तीन किलो कमी. काय खातेस विचारल्यावर तिनं सासूकडे पाहिलं. सासूनं अभिमानानं पर्समधून झेरॉक्स काढली.

“ह्या बाईंनीच ह्यांना अकरा वर्षं जास्तीची दिली बरं का, सूनबाई,” ती म्हणाली. बाईंचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. तापातून उठल्यापासून नवऱ्याचं एक ताटही कागदाबाहेर गेलं नव्हतं. मागेल त्याला ती झेरॉक्स देत आली होती. चांगलं लपवून कशाला ठेवायचं? “शेवटच्या दिवशी केळं मागत होते. लहान मुलासारखे. मी नाही दिलं. मन घट्ट केलं, पण पथ्य मोडू दिलं नाही.”

ते पथ्य आजाऱ्याचं होतं, हिला उलट दूध, अंडी, डाळी, फळं हवीत, आणि गोळ्या, हे बाईंनी परोपरीनं सांगितलं. नवा कागद लिहून दिला. सासूनं तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि समजूत घालावी तशी म्हणाली, “माणूस बदलला तरी शरीर तेच ना, बाई?”

पंधरा दिवसांनी वजन आणखी किलोभर उतरलं होतं. सासू औषधाच्या खिडकीशी गेली तेव्हा सून हळूच बोलली.

“मॅडम, आमच्याकडे साडेबाराला तीन ताटं वाढतात. तिसरं सासऱ्यांचं. तिन्हींत तेच. माझ्या ताटात वेगळं काही आलं की सासूबाईंना वाटतं, सासऱ्यांच्या देखत मी चोरून खातेय. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. काल अंडं तोंडात घेतलं आणि गिळवेना.”

शनिवारी बाई बाराच्या सुमारास त्यांच्या घरी जाऊन थडकल्या. खाली बंद पडलेलं दुकान, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, आणि आठ वर्षांनीही न गेलेला, कागद चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. वर स्वयंपाकघरात ओट्याखाली बादली होती, तीत उकळून ओतलेलं भाज्यांचं हिरवट पाणी. भाज्यांमधलं बरंच काही त्या बादलीत गेलं होतं. टेबलावर तीन ताटं मांडलेली होती, आणि तिसऱ्या ताटासमोरची खुर्ची थोडी मागे ओढलेली, कुणी आत्ता बसणार असल्यासारखी. बाई त्या खुर्चीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि भुतांवर त्यांचा विश्वास नव्हता.

चुलीच्या बाजूला, खिळ्याला, मूळ कागद लटकत होता. बाइंडरनं तो स्वतःच्या हातानं जाड पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवला होता, एक सुरकुती नाही. अस्सल कारागीर. फक्त इतक्या वर्षांच्या वाफेनं खालचा एक कोपरा सुटला होता. सासू पाणी आणायला वळली, तसा बाईंनी तो कोपरा नखानं उचलला. मागे निळी शाई होती. त्यांचंच अक्षर. ‘...फक्त पंधरा दिवस. मग परत दाखवा.’

लिहिलं होतं. पानाच्या मागे लिहिलं होतं, आणि त्या भल्या माणसानं कागद पाठकोरा समजून त्यावर खळ फासली होती.

महिनोन्महिने छातीवर बसलेलं ओझं उतरलं, आणि ते उतरल्याचीच बाईंना लाज वाटली. आता हे दाखवलं की आपण सुटलो. पण मग ह्या बाईनं रोज समोर टांगलेल्या कागदाची मागची बाजू बघायची राहिली, आणि ज्यानं केळं मागितलं त्यानंच ती बाजू खळीनं बंद केली होती, एवढंच तिच्या हाती उरणार. बाईंनी कोपरा अंगठ्यानं परत दाबला.

“मावशी, हे पथ्य पंधराच दिवसांचं होतं,” त्या म्हणाल्या. “मी लिहायला विसरले. चूक माझी आहे. ते बरे झाले होते. अकरा वर्षं ते ह्या कागदामुळे नाही जगले.”

सासूच्या हातातला पेला तसाच राहिला. मग तिनं विचारलं, “मग त्या दिवशीचं केळं?”

“देता आलं असतं.”

तिनं पेला टेबलावर ठेवला, पण बाईंच्या पुढे नाही. “एवढी शिकलेली बाई तुम्ही,” ती म्हणाली. “एक ओळ लिहायची विसरलात? तुम्ही या आता. ह्या घरात पुन्हा पाऊल टाकू नका.” सून भिंतीला टेकून रडत होती. बाई जिना उतरल्या.

महिन्यानं सून एकटीच आली. वजनाच्या काट्यावर उभी राहिली तर अडीच किलो वाढलेलं. ती सांगू लागली. सासूबाईंनी त्याच दुपारी बाजारात जाऊन डझनभर केळी आणली. एक तिच्या हातात दिलं, एक तिसऱ्या ताटात ठेवलं, आणि ताटासमोर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. आता घरात अंडी येतात, डाळ शिजते, बादली बाहेर ठेवलीय. झेरॉक्स दिल्या त्या सगळ्यांकडे जाऊन एकेक परत मागताहेत. तिसरं ताट मात्र अजून वाढतात. आणि तुमचं नाव कुणी घरात काढायचं नाही.

मग तिनं पिशवीतून एक कागद काढला. तो मूळचाच होता, पण पुठ्ठ्यापासून सोडवलेला. वाफेवर धरून, न फाटता, हळूहळू सोडवायला कितीतरी तास लागले असतील. बाइंडरच्या बायकोलाच ते जमणार. निळी बाजू वर होती.

“काल काढला त्यांनी,” सून म्हणाली. “म्हणाल्या, बाईंना नेऊन दे आणि सांग, पान उलटून पाहिलं. आणि सांग, महिनाभर राग धरायला मला दुसरं कुणीतरी दिलंत. नाहीतर तो स्वतःवरच धरून मी ह्यांच्या मागे गेले असते.”

बाईंना डोळ्यांपुढचं दिसेना. चष्मा पुसून त्यांनी सुनेचं वजन वहीत लिहिलं, आणि खाली, त्याच पानावर, पुढच्या तपासणीची तारीख लिहिली.