लिहिलंय तसं

बाईंनी हातातली पेन्सिल स्वरलिपीच्या पानांवर आपटली आणि चाळीस वादकांचा वाद्यवृंद मधल्याच सुरावर थांबला.

"दादा, पुन्हा मागे पडलास."

पियानोवर बसलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने मान वर केली नाही.

"हॉल गार आहे," तो म्हणाला.

"गार सगळ्यांनाच आहे. बाकीचे बरे वेळेवर येतात."

वाद्यवृंदाच्या संचालकाने छडी खाली घेतली आणि तो छताकडे बघत राहिला. या बहीण-भावाच्या मध्ये पडून तोंडघशी पडल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

कॉलेजातल्या शिकवण्या सांभाळून, दोन वर्षं खपून बाईंनी ही रचना लिहिली होती. तिचा शेवटचा भाग घोड्यासारखा उधळत जायला हवा होता. दादाच्या हाताखाली तो पाय ओढत चालला होता. लहानपणी ज्याने मांडीवर बसवून पहिला सूर वाजवायला शिकवलं, ज्याच्या हातांसाठी त्यांनी आजवरची पियानोची प्रत्येक ओळ लिहिली, त्यानेच ऐन वेळी दगा द्यावा?

"घरून सराव करून यायचं असतं," बाई म्हणाल्या. "हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते. तुला सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं."

कुणीतरी उगाच खुर्ची सरकवली. दादाने पियानोचं झाकण हलकेच मिटलं आणि तो विंगेत निघून गेला.

बाई तावातावाने त्याच्या मागे गेल्या. भांडण अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. मागच्या खोलीत दादा आरशाकडे पाठ करून उभा होता. एकट्या डाव्या हाताने कोटाचं बटण लावायची खटपट चालली होती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळून तशीच राहिली होती.

बाई दारातच थांबल्या.

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

"डॉक्टर?"

"दोघांना दाखवलं. दोघांनीही माना हलवल्या."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी काय परकी आहे?"

"तू शेवटचा भाग लिहीत होतीस. सांगितलं असतं, तर माझ्या तीन बोटांना झेपेल तेवढंच लिहिलं असतंस. मला तसलं काही नको होतं."

"मग आत्ता सगळ्यांसमोर मला बोलू का दिलंस?"

"तुला आजवर कुणी अडवू शकलंय?"

बाईंना हसू आलं नाही. दादा बटणाचा नाद सोडून खुर्चीवर टेकला.

"तुझी ती विद्यार्थिनी वाजवेल. महिनाभर येतेय माझ्याकडे. ती तयार आहे, मलाच सोडवत नव्हतं."

ती विद्यार्थिनी म्हणजे जिला बाईंनी भर वर्गात लाकडी हातांची म्हटलं होतं. रोज सरावाला येऊन ती कोपऱ्यात का बसते, हे आता त्यांना कळलं. काल-परवाच्या पोरीला ठाऊक होतं, आणि सख्ख्या बहिणीला नाही. बाई तरातरा दाराकडे वळल्या. त्या तशाच बाहेर आल्या.

"पियानोवर बस," त्या तिला म्हणाल्या, जणू तिनेच काही गुन्हा केला होता.

मुलगी बसली. शेवटचा भाग सुरू झाला आणि उधळला. एकही सूर सांडला नाही. बाईंना दोन वर्षं जे कानात ऐकू येत होतं, ते हेच होतं.

"थांब," बाई म्हणाल्या. "जरा सावकाश."

मुलगी गोंधळली. "पण बाई, इथे लय तर..."

"काय लिहिलंय ते मला माहीत आहे. मघाशी वाजत होतं, तसं वाजव."

"लिहिलंय तसंच वाजव," मागच्या रांगेतून आवाज आला. कोट उघडाच ठेवून दादा तिथे येऊन बसला होता. "तिचं ऐकू नकोस."

मुलीने संचालकाकडे पाहिलं, संचालकाने बाईंकडे. बाईंनी पानं पुन्हा शेवटच्या भागाच्या सुरुवातीला आणली. त्याने छडी उचलली.

संगीत पुन्हा उधळलं. बाईंनी हळूच मागे वळून पाहिलं. दादाचे डोळे मिटलेले होते, उजवा हात गुडघ्यावर होता. तीन बोटं भरधाव नाचत होती. दोन जागची हलत नव्हती.

बाई झटकन वाद्यवृंदाकडे वळल्या.

"ट्रम्पेट," त्या ओरडल्या, "तुम्ही उशिरा आलात."

ट्रम्पेटवाला उशिरा आला नव्हता. त्याने मान डोलावली आणि पान मागे उलटलं.