तिसऱ्या ठोक्याआधी

ड्रम शिकवणाऱ्या बाईंनी दार अर्धं उघडून जिन्यात डोकं काढलं. "भिंगरीचे बाबा कोण? जरा आत या."

जिन्यात बसलेल्या बाकीच्या आयाबापांच्या नजरा पाठीवर घेत बाप आत गेला. त्याची पोर रबराच्या गोल पॅडसमोर स्टुलावर बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. खरा ड्रम कोपऱ्यात, चादरीखाली. हात सरळ चालायला लागला की बाई पोराला पॅडवरून उठवून त्या ड्रमवर बसवत. नाहीच लागला, तर सत्र संपल्यावर ती जागा ताटकळणाऱ्या दुसऱ्या पोराला मिळे. आणि भिंगरीचा तर त्या ड्रमवर जीव जडला होता. ताट म्हणू नका, बादली म्हणू नका, आईची पाठ म्हणू नका, घरात तिनं बडवायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"घरी सराव कोण घेतं हिचा?" बाईंनी विचारलं.

"मीच घेतो." बापाची छाती जरा फुगलीच.

"मग चूक तुमची आहे. वाजव गं."

भिंगरीनं वाजवलं. एक, दोन, आणि दोन्ही हात झटकन छातीशी. मग तीन, चार. पुन्हा एक, दोन, पुन्हा हात छातीशी.

"बघितलंत? तिसऱ्या ठोक्याआधी चटका बसल्यासारखे हात उचलते. ताल तिथंच लंगडतो. असं कुठलं पोर आपणहून वाजवत नाही. कुणाचं तरी बघूनच आलंय हे." बाईंनी त्याच्या हातात टिकटिक करणारी एक डबी ठेवली. "हिच्याबरोबर वाजवून घ्या. शनिवारी शेवटचं ऐकते, मग माझा इलाज नाही."

बापानं मान हलवली आणि डावा हात हळूच खिशात घातला. कुणाचं बघून आलंय, ते त्याला कळून चुकलं होतं.

डब्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात तो कितीतरी वर्षं प्रेसच्या मशीनवर होता. काम म्हटलं तर सोपं, पण देव डोळ्यांसमोर ठेवून करायचं. जुन्या कारागिरानं पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडात मोजणी बसवली होती: ठेव, सरकव, काढ, दाब, उचल. पत्रा साच्यात ठेव, सरकवून नीट कर, हात काढ, पायानं पेडल दाब, झाकण उचल. चार कामांना आवाज होता. मधल्या 'काढ'ला आवाज नव्हता, तिथं नुसता श्वास. एकदा मालाची घाई होती, पाय हाताच्या आधी गेला, तो श्वास राहून गेला, आणि डाव्या हाताची दोन बोटं साच्यात राहिली. आता तो पॅकिंगला होता. मशीन सुटलं, मोजणी काही सुटली नाही. जेवताना, चालताना, देवापुढे हात जोडून उभा असतानासुद्धा आत तिची चक्की चालूच.

मग पोरीला ताल शिकवायची वेळ आली, तेव्हा त्या गरिबाजवळ दुसरा ताल होता कुठे? बायको संध्याकाळी लाँड्रीत कामाला. घरात ही दोघंच. पोर पॅडवर, बाप समोर टेबलावर हातानं ठोके देत. अपघातानंतर जी पोर त्याच्या डाव्या हाताकडे बघायची नाही, ती आता त्याच हाताकडे टक लावून बसायची. तुझी बोटं कुठे गेली असं तिनं विचारलं, की तो म्हणायचा, "बँकेत ठेवलीत. व्याज सुरू आहे." देवानं बोटं घेतली आणि बोटांच्या बदल्यात या संध्याकाळी दिल्या, असं तो मनाशी म्हणत आला होता. आता त्या संध्याकाळींनीच पोरीचं नुकसान केलं होतं.

घरी आल्यावर त्यानं डबी सुरू केली. "भिंगरे, आता माझ्याकडे बघायचं नाही. हिच्याकडे कान दे."

टिक, टिक, टिक, टिक. पोर चुकली. परत चुकली. जीभ बाहेर काढून, कपाळाला आठ्या घालून ती वाजवत राहिली. बाप समोर बसून होता, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या ठोक्यानंतर त्याच्या तोंडून तो 'काढ'चा श्वास निघत होता. मग एकदाची गंमत झाली. पोरीला सूर सापडावा तसा ताल सापडला. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, हात कुठेच थांबेनात. खाली येतात, वर जातात, परत खाली.

बापाला पॅड दिसेनासं झालं. त्याला साचा दिसला, आणि साच्याखाली ते इवलेसे हात. त्यानं झेप घेऊन तिची दोन्ही मनगटं धरली आणि मागे खेचली. स्टूल कलंडलं. एक स्टिक पोरीच्या ओठावर बसली.

"काढ ना हात!" तो ओरडला.

नंतर डबीच तेवढी टिकटिकत होती. ओठ चाचपत भिंगरी त्याच्याकडे बघत राहिली. "मी बरोबर वाजवत होते," ती म्हणाली. "आत्ता तर बरोबर वाजवत होते ना, बाबा?"

त्यानं वाकून स्टूल सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी पॅड पलंगाखाली गेलं. पोर म्हणाली, मला नाही जायचं क्लासला. आईनं गोड बोलून बघितलं, रागावून बघितलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"एवढं काय केलंत हो तिला? पोर पॅडला हात लावेना."

"काही नाही केलं."

"ओठ सुजलाय तिचा. काही नाही म्हणे!" कपड्यांची घडी घालता घालता तिचा आवाज खाली आला. "अहो, तुमचं जे झालं ते झालं. तिच्या हातांना तरी त्यातून सोडा."

बाप जाऊन पलंगाजवळ जमिनीवर बसला. पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बँकेची गोष्ट त्यानं मोडीत काढली आणि पहिल्यांदा जे खरं घडलं ते सांगितलं. मशीन सांगितलं, घाई सांगितली, मोजणी सांगितली. रक्ताचं तेवढं गाळलं.

पोर ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ड्रमपण हात खातो?"

हे देवा! भीती काढायला बसला आणि नवी घालून ठेवली. नुसत्या बोलण्यानं आता काम भागणार नव्हतं. पलंगाखाली हात घालून त्यानं पॅड ओढलं, तिच्यासमोर ठेवलं, आणि त्यावर आपला डावा हात उताणा ठेवला, बोटांच्या खुंटांसकट.

"वाजव."

"हातावर?"

"बाजूनं वाजव. लागला तर लागला. मी काढणार नाही."

भिंगरीनं आधी भीतभीत, मग जरा जोरात सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला त्याचं अंग आक्रसत होतं. हात मात्र त्यानं हलू दिला नाही. तेवढ्यात एक ठोका नेमका अंगठ्यावर बसला.

"आई गं! अगं जरा बेतानं, कार्टे!"

पोर दचकली. त्याचा अंगठा उचलून तिनं उलटसुलट बघितला. "आहे," ती म्हणाली, आणि एकदम खुदकन हसली. त्यालाही हसू आलं, पण पोरीनं पुन्हा वाजवायला घेतलं तसा त्याचा तो श्वास आलाच, आणि तिचे हात तिथंच अडखळले.

म्हणून त्यानं स्वतःच ठरवलं, सरावाला आपण समोर बसायचं नाही. तो समोर असला की पोरीचे कान त्याच्या श्वासाकडे जात. बायकोनं लाँड्रीत सकाळची पाळी मागून घेतली, आणि संध्याकाळी पोरीसमोर ती बसायला लागली. तालातलं तिला काही कळत नव्हतं, तेच बरं होतं. बाप त्या वेळी बाहेर पडायचा, गल्लीतून फेऱ्या मारायचा. दुकानदारानं विचारलंसुद्धा, "काय हो, घरातून हाकललं की काय?"

"तसंच समजा," तो म्हणाला.

शनिवारी त्यानं तिला बाईंच्या दारापर्यंत सोडलं आणि खाली रस्त्यावर येऊन उभा राहिला. वर एकामागून एक पोरं वाजवत होती. कुणी धावत होतं, कुणी रेंगाळत होतं. एक पोर सरळ वाजवत होतं, कुठेही न अडखळता. बाप कान टवकारून आपलं वाजवणं शोधत होता, तो लंगडा ठोका कधी येतो याची वाट बघत होता. तो आलाच नाही. त्याला वाटलं, पोर रडत बसली असेल वर. वाजवलंच नसेल तिनं.

मग भिंगरी जिना उतरून आली. "ऐकलंस माझं?"

"ऐकलं."

"खोटं. सांग बघू, कुठलं माझं?"

देवाशपथ, त्याला सांगता येत नव्हतं. "नाही ओळखता आलं, बाळा."

पोरीच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की विचारू नका. "बाईपण तेच म्हणाल्या! म्हणाल्या, आता तू घरच्यासारखं वाजवत नाहीस. पुढच्या वेळी ड्रमवर बसायचंय मला!"

"शाबास," तो म्हणाला. दोघं घराकडे निघाली. ती पुढे, तो मागे. त्याला आनंद झाला होता, हे अगदी खरं. आणि तिच्यासमोर बसायच्या त्या संध्याकाळी आता त्याच्या राहिल्या नव्हत्या, हेही तितकंच खरं.