काशीने काय उत्तर दिलं

दोन हजार तेवीस साली, दिवाळी उलटून भात झोडून झालं होतं, तेव्हा भिवंडीजवळच्या दिघाशी गावच्या कमळाने आयुष्यातली पहिली कादंबरी बोलायला घेतली. बोलायला म्हणजे खरोखरच बोलायला. चौथीपर्यंत शिकलेली बाई. बोटांची पेरं सुजून वाकडी झालेली, त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू. सही करायची म्हटली तरी तिला घाम फुटायचा.

ही सगळी करणी तिच्या सुनेची, दिपालीची. दिपाली दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायची. तिथले सुपरवायझर मोबाइलशी नुसते बोलत आणि निरोप आपोआप लिहिला जाई. ते पाहून तिने एका रविवारी दुपारी सासूच्या तोंडापुढे मोबाइल धरला.

"आई, इथे बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काय पन. मनात येल ते."

कमळा चुलीकडे बघून म्हणाली, "भात शिजला, पन आमटी व्हायची हाय." आणि ते शब्द एकामागोमाग एक काचेवर उमटले. कमळाने पदर डोक्यावर घेतला, देवळात घेतात तसा. "कुनी लिवला गो यो?" तिने हळूच विचारलं, जणू मोठ्याने विचारलं तर लिहिणारा पळून जाईल.

तिला एवढं नवल का वाटलं, ते तिचं काम ठाऊक असल्याशिवाय कळायचं नाही. कमळा लग्नात धवले म्हणायची. धवले म्हणजे आपल्याकडची लग्नाची गाणी. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी त्या गाण्यांवर चालतो. म्हणणारी बाई एक ओळ टाकते, मागे बसलेल्या बाया तीच ओळ उचलतात, त्याला झील धरणं म्हणतात. बाया झील धरतात तेवढ्या वेळात पुढची ओळ बाईच्या जिभेवर येऊन बसते. कागद नाही, पोथी नाही. अंबाडीपासून वाड्याच्या रस्त्यावरच्या कितीतरी घरांमध्ये कमळाच्या तोंडून लग्नं लागली होती. पण मांडव सुटला की ती गाणी हवेत विरून जायची. आपले शब्द एका जागी थांबलेले, पुन्हा बघायला मिळतील असे, तिने त्या दुपारी पहिल्यांदा पाहिले.

मग दिपालीने घरी ठेवलेल्या जुन्या मोबाइलशी ती रोज दुपारी बोलू लागली. आधीच्या दिवसाचं बोलणं दिपाली रोज संध्याकाळी वाचून सारखं करी.

कमळाचा नवरा केसरीनाथ याने सारी उमर भिवंडीत कापडाच्या लूमवर ड्युटी केली होती. लूमच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेले. त्याच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, आणि तोही ओरडूनच उत्तर देई, ते अर्धं हिंदीत.

"कमळे, कोनाशी बोलतंस गो रोज रोज?"

"काशीशी!"

"कोन काशी?"

"हाय एक! भाजी इकते अंबाडी नाक्यावर!"

"मग घेऊन ये ना भाजी! क्या खाली बात करती है!"

काशी कुठेच नव्हती. ती कमळाच्या गोष्टीतली पोरगी. नाक्यावर कारल्या-शिराळ्यांची पाटी घेऊन बसणारी. दापोड्याहून टेम्पो घेऊन येणारा नामा तिच्याकडून रोज कारली घेई आणि पुढच्या वळणावर गाईला घाली, कारण कारलं त्याला मुळीच आवडत नसे. मग त्यांचं बोलणं सुरू झालं, भांडण झालं, शहापूरच्या जत्रेला जाणं झालं. आणि एक दिवस नामा काही न सांगता सुरतेकडे निघून गेला. फार दिवसांनी परत आला तो सरळ काशीच्या दारात उभा राहिला.

इथपर्यंत यायचं म्हणूनच कमळाने गोष्ट मांडली होती. धवल्यात नवरीच्या तोंडचं सगळं कमळाच म्हणायची. नवरी मान खाली घालून गप्प. लग्नाच्या गाण्यात गावदेवाला विचारतात, मामाला विचारतात, मांडवासाठी फांदी तोडायच्या आधी उंबराच्या झाडालासुद्धा विचारतात. पोरीला विचारल्याची एक ओळ नाही. तरुणपणापासून ही गोष्ट कमळाला सलत होती, आणि कोणाला सांगावी अशीही वाटत नव्हती. म्हणून तिने ठरवलं, आपली एक पोरगी असेल. तिला कोणीतरी विचारेल. आणि ती नाही म्हणेल.

शेवटच्या दिवशी तिने मोबाइलला सांगितलं, "नामा बोलला, काशे, तू माजी हाय का न्हाय? काशी बोलली, न्हाय." आणि ती पाणी प्यायला उठली.

दिपाली गोष्टीचे तुकडे गोडाऊनमधल्या बायांच्या ग्रुपवर टाकत असे. जेवणाच्या सुटीत डबे उघडायच्या आधी मोबाइल उघडले जात. काशीचं उत्तर बोलून झालं त्याच दिवशी त्या ग्रुपवर कोणीतरी ठाण्याच्या एका प्रकाशनाची जाहिरात टाकली. त्यांना प्रेमकथांच्या मालिकेसाठी नव्या लेखिका हव्या होत्या, आणि शेवटची तारीख होती त्याच संध्याकाळची. शेवटचा भाग तपासायला दिपालीला वेळ झाला नाही. तिने तो जसा होता तसा जोडला, ग्रुपवरही टाकला आणि ठाण्यालाही पाठवला. सासूला काही बोलली नाही.

दोनेक महिन्यांनी मोबाइल वाजला. दिपालीने स्पीकर लावला. पलीकडे त्या प्रकाशनाची संपादक हेमाली होती. तिचा आवाज भरून आलेला.

"काकू, आम्ही तुमची कादंबरी छापतोय. काय लिहिलंय हो तुम्ही! आणि तो शेवट. इतकं सगळं होऊनही ती त्याला एकाच शब्दात उत्तर देते. 'हाय.' मी ऑफिसात रडले."

कमळा मोबाइलकडे बघत राहिली. "काय हाय?" तिने विचारलं.

"म्हणजे, नामा विचारतो ना, तू माझी हाय का नाही? आणि काशी म्हणते, हाय."

सासू-सून एकमेकींकडे बघू लागल्या. केसरीनाथने ओरडून विचारलं, "कोन आजारी हाय?"

मोबाइल ठेवल्यावर दिपालीने शेवटचा भाग उघडून पाहिला. हेमाली म्हणाली तसंच होतं. मोबाइलला शहरातली मराठी येत होती, दिघाशीची येत नव्हती. 'न्हाय' म्हटलं की तो कधी 'नाही' लिही, कधी नुसतंच 'हाय'. मागच्या भागांमध्ये दिपालीने ते सुधारलं होतं, इथे राहून गेलं होतं. अर्धा न तेवढा गळला होता.

"एवढासा न," कमळा पुटपुटली. "पोरीचा पुरा जन्म त्याच्यावर टांगलेला, आन् तो एवढासा." तिला राग यायला हवा होता. पण तिला नवलच वाटत राहिलं. तोंडाने सोडलेला शब्द कुठे कुठे जाऊन, काय होऊन परत आला होता!

दिपालीचं मन मात्र वेगळीकडे होतं. "आई, राहू दे ना तसंच. गोडाऊनमधल्या सगळ्या रडल्या शेवट वाचून. कामगार बाया, दिवसभर उभ्या असतात, त्यांना जरा बरं वाटलं. आणि पुस्तक येईल तुमचं. छापून! तुमच्या नावाचं!"

"पुस्तक माजा येल. काशीचा काय?"

"काशी खरी थोडीच हाय?"

कमळाने सुनेकडे पाहिलं. "तुला बघाया आलेले, तवा तुला कुनी इचारलेला?"

दिपाली भांडी घासायला निघून गेली. केसरीनाथला सगळं ओरडून सांगावं लागलं. तो खो खो हसला. "मला त तुजा न्हाय कधी ऐकूच आला न्हाय! म्हनून त टिकला संसार!"

पुढच्या आठवड्यात सासू-सून एसटीने ठाण्याला गेल्या. ऑफिस म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या. भिंतीला पुस्तकंच पुस्तकं. कमळा दारातच थांबली. एवढी माणसं बोलली, आणि एवढी सगळी थांबून राहिलीत, असं तिच्या मनात आलं. चपला तिने बाहेर काढल्या. हेमालीने नको नको म्हटलं तरी काढल्याच.

हेमालीने चहा मागवला. चूक कुठे झाली ते ऐकून ती आधी हसली, मग तिने कप खाली ठेवला.

"काकू, खरं सांगू? ही प्रेमकथांची मालिका आहे. वाचणाऱ्या बायकांना शेवटी दोघं एकत्र आलेली हवी असतात. आमच्या साहेबांनी 'हाय' वाचून होकार दिलाय. 'न्हाय' केलं तर ते छापणार नाहीत."

"मंग नको छापू," कमळा म्हणाली आणि उठली.

दिपालीचा चेहरा पडला. तिने त्यासाठी हाफ डे टाकला होता, नवीन साडी नेसली होती. पण ती पिशवी उचलून सासूच्या मागे उभी राहिली.

"काकू, थांबा," हेमाली म्हणाली. "जायच्या आधी एकदा म्हणून दाखवा. मी ते नुसतं वाचलंय. तुमच्या तोंडून ऐकलं नाही."

कमळाला खुर्चीवर बसून म्हणता येत नसे. ती खाली फरशीवर बसली, एक गुडघा उभा घेऊन, मांडवात बसते तशी. दिपाली सवयीने तिच्या मागे बसली. हेमालीही खुर्ची सोडून खाली आली. कमळाने डोळे मिटले. बोलता बोलता तिच्या बोलण्याला धवल्याचा सूर लागला, तो तिने लावला नव्हता. नामा दारात आला. अंगणात कोंबडी ओरडली. काशी हातातली कारली खाली ठेवायची विसरली.

"काशे, तू माजी हाय का न्हाय?"

"न्हाय," कमळा म्हणाली.

कादंबरी इथे संपत होती. आणि मग मागून दिपालीचा आवाज आला, बारीक, सुरात. "न्हाय..." तिने झील धरली. ज्या पोरीला आठवडाभर 'हाय' हवं होतं तिने. ती जणू विसरूनच गेली होती की हे ऑफिस आहे. मागे बसलेल्या बाईने ओळ उचलायची असते, म्हणून तिने ती उचलली. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. "न्हाय..."

आणि झील संपता संपता कमळाच्या जिभेवर पुढची ओळ येऊन बसली. तिने ती रचली नव्हती. तिला ती माहीतही नव्हती.

"न्हाय. पन इचारलास, ता गोड लागला. उद्या परत इचार."

कमळाने डोळे उघडले. तिच्या अंगावर काटा आला होता. "ही कुटून आली?" ती म्हणाली. "ही माजी न्हाय. मी हिला कवा बोललू न्हाय." तिने वळून सुनेकडे पाहिलं. दिपालीचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

हेमालीने ती ओळ हाताजवळच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली, घाईघाईने, उडून जाईल या भीतीने. मग साहेबांच्या खोलीत गेली. आत बराच वेळ बोलणं चाललं. आवाज चढले, उतरले. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"साहेब म्हणतात, हा होकार आहे की नकार, ते त्यांना कळत नाही."

"मंग?"

"मी म्हटलं, नामालाही कळत नाही. म्हणून तर तो उद्या येणार. छापतोय, काकू."

कादंबरी पुढच्या वर्षी आली. वरच्या चित्रात मोकळ्या केसांची एक गोरी पोरगी होती. ती बघून कमळा म्हणाली, "हिच्याकडून कोन कारली घेल?" पण आतली अक्षरं तिने पानापानावरून हात फिरवून पाहिली. शेवटच्या पानावर न अर्धा होता, आणि जागेवर होता.

केसरीनाथला दिपालीने ती पूर्ण वाचून दाखवली, ओरडून. त्यामुळे अख्ख्या आळीची ऐकून झाली. त्यानंतरच्या शिमग्याआधी तो गेला. हेमालीने ते प्रकाशन सोडलं आणि आता ती डोंबिवलीला स्वतःचं प्रकाशन चालवते. दर महिन्याला फोन करून नवीन गोष्टीचं विचारते. कमळाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोबाइलने काय लिहिलं ते आता ती स्वतः तपासते, आणि त्याला शिव्या देते. दिपाली गोडाऊनमध्ये शिफ्टची मुख्य झाली. तिथे सुपरवायझरने ओव्हरटाइमचं विचारलं की बाया एका सुरात म्हणतात, "आज न्हाय. उद्या परत इचार."

कमळा अजून लग्नांना जाते. पण हळदीआधी ती नवरीला बाजूला घेते आणि विचारते, "बाय, तुला इचारला का कुनी?" बहुतेक पोरी लाजून हसतात. गेल्या वर्षी अंबाडीजवळच्या एका घरात एक पोरगी हसली नाही. ते लग्न झालं नाही. त्या गावात कमळाला आता कोणी बोलावत नाही, आणि तिचं त्यावर काही म्हणणंही नाही. ती पोरगी दापोड्याला, दिपालीच्या शिफ्टला असते.