मधल्या खांबाला कान

माझ्या साडूला सगळे यमाजी म्हणतात. हे त्याचं नाव नव्हे, धंद्यानं मिळालेली पदवी आहे. वाळवी, झुरळं, ढेकूण आणि मुंग्या यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत नवराबायकोचं एक चिंचोळं दुकान आहे. पुढे टेबल आणि फोन, मागे फळीवर औषधाचे डबे आणि पाठीवर घ्यायचा फवारणीचा पंप. माणसाला बरं करतं तेही औषध आणि झुरळाला मारतं तेही औषधच. आपली भाषा मोठी समंजस आहे, कुणाचं म्हणून मन दुखवत नाही. झुरळाला कुणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

यमाजीची खरी ख्याती वाळवीत. ढेकूण दिसतात, मुंग्या रांगेनं येऊन आपली ओळख करून देतात. वाळवी मात्र सरकारी चौकशीसारखी आतल्या आत चालते. बाहेरून दरवाजा धडधाकट, रंग लावलेला, आणि बोट टेकवलं की बोट आत. ती कुठे आहे हे फोडल्याशिवाय सांगता येणं ही कला. यमाजीकडे एक जुना स्टेथोस्कोप होता. तो चौकटीला लावायचा, ड्रिलच्या दांड्यानं लाकडावर टकटक करायची आणि श्वास रोखून ऐकायचं. कुणी दार ठोठावलं की वाळवीतले शिपाई आतून भिंतीवर डोकी आपटून बाकीच्यांना सावध करतात. कोरड्या पानांवरून कुणी बोट फिरवावं तसा तो आवाज येतो. तो ऐकू आला की यमाजी कान मोकळे करायचा आणि म्हणायचा, “लागलीय.” मग भोकं पाडायची, नळीनं औषध सोडायचं, भोकं बुजवायची. त्याचं ‘लागलीय’ कधी खोटं ठरलं नाही आणि त्याचं ‘नाही’ही.

एके दुपारी तो एका बंगल्यावर गेला. मालकीणबाईंना यायला वेळ होता, म्हणून बागेतल्या झाडाखाली बसला. स्टेथोस्कोप कानातच होता. दुसरं काही काम नव्हतं म्हणून त्यानं तो झाडाच्या बुंध्याला लावला. मग बसायच्या दगडाला, मग पाण्याच्या टाकीला, मग जमिनीला. मालकीणबाई आल्या तेव्हा हा गवतावर पालथा पडून पृथ्वीची तपासणी करत होता. त्यांनी विचारलं, “काय, फार पसरलीय का हो?” यमाजी म्हणाला, “सगळीकडे आहे,” आणि काम न करता घरी निघून गेला. बाईंनी त्याच संध्याकाळी बंगला विकायला काढला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी माझी मेहुणी, म्हणजे यमाजीची बायको, आमच्याकडे आली. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, “भावोजी, ह्यांना काहीतरी झालंय.”

“ताप आहे?”

“ताप नाही. काल जेवताना आमटीत मीठ नव्हतं, तर बोलले नाहीत. उलट आमटीकडे बघून हसले.”

हे लक्षण गंभीर होतं. मी लगेच चपला घातल्या.

यमाजी त्यांच्या मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. तिथे एक फुटकं मडकं, कपडे वाळत घालायची दोरी आणि भिंतीतून उगवलेलं एक बेवारशी रोप, एवढाच निसर्ग. यमाजी त्या रोपाकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघत होता.

“काय ऐकलंस रे तिथे?” मी विचारलं.

“सांगता येत नाही.” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी एकच आवाज ऐकायला शिकलो. बाकीचे आवाज आले की म्हणायचो, हे आपलं गिऱ्हाईक नव्हे. काल पहिल्यांदा ते सगळे आवाज ऐकले. झाडात कुणीतरी सावकाश पाणी चढवतंय. दगडात ऊन शिरतंय. मातीत तर बाजार भरलाय. रिकामं काही नाहीये रे. मला वाटायचं देव कुठेतरी वर बसलाय आणि हे सगळं त्याचं सामान आहे. तसं नाहीये. हे सामान नव्हेच. हाच तो.”

“मग अडचण काय झाली?”

“मग मी भोक कुणाला पाडू?”

मी आयुष्यभर टवाळक्या केल्या आहेत, पण या प्रश्नावर चटकन टवाळी सुचेना, याचं मलाच नवल वाटलं. तरी धर्म सोडू नये म्हणून म्हणालो, “भाजी तर खातोस? तीही तोच ना?”

“खातो. पण हल्ली घास तोंडात गेला की थोडा संकोच वाटतो. कुणाच्या घरी न सांगता जेवायला गेल्यासारखा.”

तेवढ्यात त्याच्या दंडावर डास बसला आणि यमाजीनं सवयीनं फाडकन मारला. मग तळहाताकडे बघत राहिला. तिथे एक तांबडा ठिपका होता.

“घ्या,” मेहुणी दारातून म्हणाली. “देव गेला.”

“तुला थट्टा सुचतेय.”

“थट्टा नाही करत मी. अहो, सगळं तोच ना? मग मीसुद्धा तोच?”

“तूही.”

“मग मी सांगतेय ते त्यानंच सांगितलंय असं समजा. उठा आणि पंप घ्या.”

यमाजीनं विचार केला. प्रामाणिक माणूस, प्रत्येक प्रश्नाचा विचार करायचा. म्हणाला, “आणि मी उठत नाहीये, तोही तोच आहे.”

मेहुणी आत निघून गेली आणि भांडी आपटायचा आवाज आला. यमाजीनं तोही लक्ष देऊन ऐकला.

आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. ही कल्पना मेहुणीची. वाटेत मला हळूच म्हणाली, “भावोजी, आजार निघू दे. आजार असला तर बरा तरी होईल. देव असला तर काय करायचं?”

डॉक्टरांनी यमाजीची छाती, पाठ, जीभ आणि डोळे तपासले. नंतर यमाजीनं खिशातून आपला स्टेथोस्कोप काढून डॉक्टरांच्या टेबलाला लावला आणि डोळे मिटून बसला. डॉक्टर लिहायचे थांबले. दोन तज्ज्ञ एकाच खोलीत आले की असंच होतं.

“काय आहे?” डॉक्टर.

यमाजी नुसता समाधानानं हसला.

“नाही, काही असेल तर सांगा. टेबल आमच्या वडिलांचं आहे.”

“घाबरायचं काही नाही डॉक्टर. मोठं झाड होतं हे. अजून पूर्ण थांबलेलं नाही.”

निदान असं निघालं की प्रकृती ठणठणीत आहे, झोप उत्तम आहे, रक्तदाब तर डॉक्टरांपेक्षा बरा. बाहेर पडताना डॉक्टरांनी मेहुणीला बाजूला घेतलं. तिला वाटलं आता काहीतरी वाईट सांगणार. डॉक्टर म्हणाले, “ताई, यांचं जाऊ द्या. टेबलाला फवारणी करायला कधी येताय?”

मग ती एकटी कामाला जाऊ लागली. झुरळं आणि मुंग्या तिला जमत. औषधाची मिसळण ती यमाजीपेक्षा काटेकोर करायची. पण पंप जड. पट्ट्यानं तिच्या खांद्यावर वळ उठले. शिवाय वाळवी कानानं शोधायची म्हणजे यमाजीच हवा, आणि वाळवीशिवाय दुकान म्हणजे दात नसलेला दंतवैद्य. गिऱ्हाइकं विचारायची, यमाजी कुठे? ती सांगायची, सुट्टीवर आहेत. यम सुट्टीवर गेला तर जगाला आनंद व्हायला हवा. पण जगालाही शेवटी आपली चौकट प्यारी असते.

अशात लहान मुलांच्या शाळेचं काम आलं. शाळेच्या सभागृहात एक जुनी लाकडी गॅलरी होती, तीन खांबांवर उभी. मुलांच्या कार्यक्रमाला आईबाप वर बसत. एका खांबाच्या बुडाशी वाळवी चढताना करते तशी मातीची बारीक नळी दिसली, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी गॅलरी बंद ठेवली होती. त्या म्हणाल्या, “तुम्ही तपासा, लागली असेल तिथे औषध घाला, आणि ठीक आहे म्हणालात की मी कुलूप काढते.”

मेहुणीनं हे काम घेतलं आणि घरी येऊन नवऱ्यासमोर बसली. मी तिथे होतो. आवाज चढवला नाही तिनं. मला वाटतं, तो चढवला असता तर बरं झालं असतं.

“हे शेवटचं काम,” ती म्हणाली. “एवढं झालं की दुकान बंद करते. मला एकटीला झेपत नाही. आणि खरं सांगू का, झेपलं तरी तुमच्याशिवाय करायचं नाही. तुम्हाला देव मिळाला, चांगलं झालं. मला मात्र जोडीदार नाही उरला. उद्या फक्त ऐकायला चला. भोक मी पाडीन, औषध मी घालीन. लागलीय की नाही, एवढंच सांगा.”

नंतर पायरीवर यमाजी मला म्हणाला, “तिला वाटतंय ऐकणं सोपं आणि मारणं अवघड. अरे, मी ‘लागलीय’ म्हटलं तिथेच ते मेलं. औषधाची नळी नंतरची.”

“मग ‘नाही’ म्हण.”

“ती विश्वास ठेवेल,” तो म्हणाला. “तीच तर पंचाईत आहे.”

सकाळी आम्ही तिघं शाळेत गेलो. मला बॅटरी धरायचं काम दिलं होतं. माझ्या कर्तृत्वाचा अंदाज मेहुणीला लग्नापासून आहे. सभागृहात लहान लहान खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या, भिंतीवर मुलांनी काढलेले सूर्य होते. प्रत्येक सूर्याला डोळे. यमाजी तेही बघत बसला, तेव्हा मेहुणीनं खाकरत आठवण करून दिली.

पहिला खांब. टकटक. यमाजी ऐकत राहिला. “नाही.”

तिसरा खांब. “नाही.”

मधल्याशी तो गुडघे टेकून बसला. मेहुणी पंप पाठीवर घेऊन जिना चढउतर करून दमली होती. तिनं त्याच खांबाला पलीकडून पाठ टेकली आणि डोळे मिटले. यमाजीनं दांड्यानं टकटक केली आणि स्टेथोस्कोप लावला. मी त्याच्या चेहऱ्यावर बॅटरी धरली, तशी त्यानं हातानं दूर केली.

खूप वेळ गेला. बाहेर मैदानात मुलं ओरडत होती.

“अहो,” ती पलीकडून म्हणाली, डोळे न उघडता. “आहे का काही?”

तो ऐकतच राहिला. नंतर त्यानं मला सांगितलं ते असं. आधी त्याला वाळवी ऐकू आली. पुष्कळ होती, खांबाच्या गाभ्यापर्यंत. शिपाई डोकी आपटत होते, आपलं घर वाचवायला. आणि त्यांच्यामागून, त्याच लाकडातून, आणखी एक आवाज येत होता. जाड, घाईघाईचा, मधेच अडखळणारा. तो कुणाचा ते त्याला आधी कळेना. त्यानं मान काढून पलीकडे पाहिलं. पंपाचे पट्टे खांद्यात रुतलेले, आणि त्या खांबाला टेकलेली, धापा टाकणारी बायकोची पाठ. म्हणजे एवढे दिवस त्यानं झाड ऐकलं, दगड ऐकला, डॉक्टरांचं टेबल ऐकलं, आणि घरातला हा आवाज ऐकायचा राहूनच गेला होता.

“लागलीय,” तो म्हणाला. “मधल्या खांबाला. पार आतपर्यंत.”

मेहुणीनं डोळे उघडले. ड्रिल उचलायला वाकली, तर यमाजीनं तिच्या पाठीवरून पंपाचे पट्टे उतरवले.

“द्या इकडे,” ती म्हणाली. “मी करते म्हटलंय ना.”

“नको. ज्यानं ऐकलं त्यानंच करायचं. ऐकणारा एक आणि मारणारा दुसरा, हे फार सोयीचं होतं.”

“मग तो... तुमचा तो?”

“तोच मारतोय आणि तोच मरतोय. मला नाही त्याचा हिशोब लागत. पण गॅलरी पडली तर खाली मुलं आहेत, आणि ती मला वाळवीपेक्षा जवळची आहेत. हे देवाचं मत आहे असं मी म्हणत नाही. हे माझं.”

त्यानं खांबाला तळहात लावला. काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. मग भोकं पाडली. लाकडाचा भुसा गळाला, त्यात पांढरे बारीक ठिपके हलत होते. पूर्वी तो शीळ घालत काम करायचा. या वेळी बघत करत होता, प्रत्येक भोकाकडे. औषध सोडताना त्याच्या डोळ्यांना धार लागली. ती वासानं लागली असं मी सोयीस्करपणे धरून चाललो.

काम संपल्यावर मुख्याध्यापिकाबाई आल्या. यमाजी म्हणाला, “बाई, मधल्या खांबात विष घातलंय. सुतार बोलवा आणि त्याला लोखंडाची जोड द्या, मगच कुलूप काढा. तोवर मुलांना इथे येऊ देऊ नका.”

“अहो, औषध म्हणा, औषध! पालक घाबरतील.”

“थोडं घाबरावं बाई. विषच आहे ते.”

बाई जराशा खट्टू होऊन गेल्या. यानं दुकानाचं गिऱ्हाईक कमी होणार हे मेहुणीला तिथेच कळलं. ती खांबाशी जमिनीवर बसली. यमाजीही शेजारी बसला.

“कसं वाटतंय?” तिनं विचारलं.

“वाईट.”

“रोज वाटणार का असं?”

“वाटेल बहुतेक. रोज करतोच आहे तर वाटलेलं बरं.” थोड्या वेळानं म्हणाला, “डॉक्टरांच्या टेबलाचं काय झालं?”

“उद्या जायचंय. तुम्ही याल?”

“येतो. पण त्याला काही झालेलं नाहीये. तसं सांगून येऊ. पंप न्यायला नको.”

ती हसली. मग त्याच्या गळ्यातला स्टेथोस्कोप बघून म्हणाली, “एवढ्या वर्षांत मला कधी दिलात नाही हा.”

“मागितलास कधी?”

त्यानं तो तिच्या कानात घातला आणि दुसरं टोक कुठे लावावं म्हणून तिच्याकडे पाहिलं. तिनं ते स्वतःच्याच पोटाशी धरलं आणि भुवया वर करून ऐकू लागली.

“अगंबाई! केवढा गडगडाट आहे हा. हेच का ते तुमचं? विश्वाचं वगैरे?”

“हेच.”

“अहो, मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, त्याचा आवाज आहे हा.”

“मग तेच तर म्हणतोय,” यमाजी उठत म्हणाला आणि तिला हात दिला. “चल, त्याला जेवायला घालू.”

पंप त्यानं पाठीवर घेतला, ड्रिल तिनं. बॅटरी माझ्याकडेच राहिली. भर दुपारची ती चालूच होती, हे मला फाटकापाशी आल्यावर कळलं.