बाराची सावली

शनिवारी सकाळी महादेवप्पा गुरुजी गच्चीवरून खाली आले, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला, हातांना आणि कानाच्या पाळीलासुद्धा खडू लागला होता. त्यांची लेक सिद्धेश्वरी जेवणाच्या टेबलावर बारावीचे पेपर तपासत होती. तिनं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला आणि मान वर न करताच विचारलं, "उद्याचा फळा झाला?"

"झाला. चूकपण घातली. यावेळची तुझ्यासाठी हाय, सिद्धव्वा."

"मी भूगोल शिकवते, अप्पा."

"म्हणून तर."

ती हसली आणि पुढचा पेपर ओढला.

गुरुजींची सगळी नोकरी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या शाळेत गेली. पोरं घरी कन्नड बोलायची आणि वर्गात मराठी ऐकून दगडासारखी गप्प बसायची. त्यांना बोलतं करायला गुरुजींनी एक युक्ती काढली. रोज फळ्यावर एक चूक मुद्दाम घालायची. ज्या कुणाला सापडेल त्यानं उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "गुरुजी, चुकलं तुमचं." की गुरुजी खडू त्याच्या हाती देणार आणि स्वतः खाली पोरांच्या रांगेत मांडी घालून बसणार. मास्तरला चुकलं म्हणायला मिळतंय म्हटल्यावर पोरं फळ्यावरचं अक्षर न् अक्षर चाचपायला लागली. मराठी त्यांच्या तोंडात कधी रुळली ते कुणाला कळलंही नाही.

चौथीला सिद्धेश्वरी त्याच वर्गात होती. चूक तिला बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी दिसायची. पण बापाला चारचौघांत चुकलं म्हणायला तिची जीभ वळायची नाही. शिवाय म्हणायचं कुणाला, गुरुजींना की अप्पांना? गुरुजी खडू पुढं धरून तिच्याकडे बघत थोडं थांबायचे. मग मागून कुणीतरी ओरडायचं आणि खडू तिकडं जायचा.

सिद्धेश्वरीची आई गेल्यावर गुरुजी सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' भागात लेकीच्या फ्लॅटवर राहायला आले. तिथंही त्यांना चैन पडेना. दर रविवारी सोसायटीच्या गच्चीवर पोरं गोळा होऊ लागली.

"तुझ्या वर्गात चूक कोण काढतं गं?" चहा पिता पिता त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. मी चुकत नाही."

"मग पोरं करतात काय दिवसभर?"

"लिहून घेतात, अप्पा. पास होतात."

"बरं," म्हणून गुरुजी कप धुवायला उठले.

रविवारी पहाटे ते झोपेतून उठलेच नाहीत.

विधी झाले, पाहुणे परतले. सिद्धेश्वरी कॉलेजात जाऊ लागली. गच्चीवर मात्र ती गेली नाही. मग एका रविवारी तळमजल्यावरची आरोही दारात येऊन उभी राहिली. मागं गच्चीवरच्याच पोरांतला अभिमन्यू होता, कट्ट्यावरून उडी मारायच्या तयारीत असल्यासारखा.

"ताई, फळा आम्ही पुसू दिला नाही कुणाला," आरोही म्हणाली. "पण चूक सापडंना झालीय."

"मला सापडली होती," अभिमन्यू म्हणाला.

"त्यानं फळ्याशेजारच्या काठीलाच चूक म्हटलं, ताई."

"मॉपचा दांडा हाय तो. काठी कसली?"

आरोहीनं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. "गुरुजी शनिवारी फळा लिहितानाच म्हणाले होते, ही ताईंची चूक हाय, तुम्हाला दिसली तरी तुमी बोलायचं न्हाय. पण तुमी वरच येईना झालाय."

सिद्धेश्वरी चप्पल घालून वर गेली.

वाळूच्या डब्यात मॉपचा दांडा सरळ उभा होता. बाजूच्या फळ्यावर अप्पांचं टपोरं अक्षर होतं: *आजची सावली. सकाळी लांब असते. आखडत जाते. बारा वाजता सगळ्यात आखूड होते. तेव्हा ती बरोबर उत्तरेला पडते. मग पुन्हा लांबते.*

तिनं दोनदा वाचलं. उत्तरेला? मेच्या मध्यानंतर काही आठवडे सोलापुरात दुपारची सावली दक्षिणेला पडते, तेव्हा हे चुकेल. पण वर 'आजची' लिहिलंय आणि थंडी अजून सरलेली नाही. मग उरलं काय? सगळं बरोबरच दिसत होतं. अप्पा घातली म्हणाले होते, पण खरंच चूक घालायला विसरले असतील का? हा विचार तिला सोसवेना. विसरले असतील, तर शोधण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"सावली बघूया," ती म्हणाली.

तिघं टाकीच्या आडोशाला बसली. अभिमन्यूच्या मोबाइलमध्ये बारा वाजले, तसं तिनं सावलीच्या टोकाशी खडूनं रेघ ओढली.

"आता लांबायला लागेल," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"ताई," दहाएक मिनिटांनी रेघेपाशी उकिडवी बसलेली आरोही म्हणाली, "ही आत सरकायलीय."

"काय?"

"सावली. अजून आखूड व्हायलीय."

सिद्धेश्वरी तशीच खाली बसली. रेघेच्या आत बोटभर कोरी जागा पडली होती.

दरवर्षी ती वर्गात लिहून द्यायची: भारताची प्रमाणवेळ पूर्वेकडच्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून ठरते. पोरं लिहून घ्यायची. तिनंही ते असंच लिहून घेतलं होतं, आणि आजवर कधी उन्हात काठी रोवून पाहिली नव्हती. यावेळी ते सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं.

"चुकलं कोण?" तिनं विचारलं. "घड्याळ की सावली?"

"मोबाइल कसा चुकंल?" अभिमन्यू म्हणाला.

"मग सूर्य लेट हाय का, तुझ्या रिक्षावाल्यागत?" आरोही म्हणाली.

"सूर्य आधी कुठं पोचतो, नागपुरात का आपल्याकडं?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"नागपुरात," आरोही म्हणाली. "ते उगवतीकडं हाय."

"आणि घड्याळ?"

दोघं पुन्हा रेघेकडे वाकली. सावली आखडत होती, आरोही रेघा ओढत होती. साडेबारा उलटून गेल्यावर सावली थबकली आणि मग उलटी फिरली.

"घड्याळ सगळ्यांचं एकच हाय," आरोही हळूहळू म्हणाली, "पण सूर्य सगळ्यांकडं एकदम येत न्हाय. हे बारा आपले न्हाईतच, ताई. तिकडचे कुणाचे तरी हायत."

"म्हणजे गुरुजींचं..." अभिमन्यूनं सुरुवात केली. आरोहीनं त्याला कोपरानं ढोसलं आणि खडू सिद्धेश्वरीपुढं धरला.

"नियम हाय, ताई. मोठ्यानं म्हणायचं."

सिद्धेश्वरीनं खडू घेतला. फळ्यासमोर पोरांची सतरंजी अंथरलेली होती. कडेची एक जागा रिकामी होती. चूक सापडली की अप्पा तिथं येऊन बसत.

ती उभी राहिली. पोरं वाट बघत होती. तिनं त्या जागेकडे पाहिलं आणि खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अप्पा, चुकलं तुमचं."