साहेब जेवले

साहेब आज पुन्हा टपरीच्या फळीवर येऊन बसले, तसा किल्लीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली आणि डबा उघडला. साहेब म्हणजे समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या टायपिस्ट बाईंचा करडा बोका. सदतीस वर्षं ऑफिसात काढून बाई निवृत्त झाल्या, बोका पाळला आणि त्याचं नाव साहेब ठेवलं. हाही काडीचं काम न करता दोन वेळा ताटावर हजर असतो, असं त्या म्हणायच्या. पण आता साहेबांची पार रया गेली होती. बरगड्या दिसत होत्या आणि पाठीवरच्या केसांच्या जटा झाल्या होत्या.

पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा किल्लीवाला सरळ बाईंच्या दारात गेला होता. बोका उपाशी दिसतोय, एवढंच म्हणाला. बाईंचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

"सकाळीच जेवलेत साहेब. मी कामात कधी हयगय केलेली नाही."

तो ओशाळून परतला. तेव्हापासून बाईंच्या नकळत तो आपल्या डब्यातलं अर्धं उकडलेलं अंडं साहेबांना देऊ लागला. एका दुपारी बारक्या कात्रीने त्याने पाठीवरच्या जटाही कापल्या. साहेबांनी मनगटावर तीन ओरखडे काढून कामाची पोच दिली. किल्लीवाल्याला राग आला नाही. बायको गेल्याला नऊ वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं तो रस्त्याकडे तोंड करून एकटाच जेवत होता. आता समोर कुणीतरी घास संपायची वाट बघत बसायचं, हे त्याला बरं वाटत होतं.

त्याच्या धंद्यात एक नेम होता. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, आणि कुणाच्या किल्लीची नक्कल स्वतःकडे ठेवायची नाही. या नेमावर त्याची टपरी तीस वर्षं टिकली होती. बाईंनी वर्षभरात तीनदा किल्ली हरवली, तिन्ही वेळा त्यानेच नवी करून दिली. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, एक तुमच्याकडेच राहू द्या, मला हल्ली आठवत नाही. त्याने मान हलवून नकार दिला होता. वर जरा तोऱ्यातच दिला होता.

मग एका सोमवारी बाईंची लेक परगावाहून आली आणि आईला घेऊन गेली. गाडीत बसण्याआधी ती टपरीपाशी आली. बोका बाहेर फिरायला गेलाय असं आई म्हणते, तर काका, जरा लक्ष ठेवाल का, असं तिने विचारलं आणि नंबर देऊन ठेवला. तो हो म्हणाला. मंगळवारी त्याने अख्खं अंडं आणलं. साहेब फिरकले नाहीत. बुधवारी सकाळी बाईंच्या दाराशी उभा राहिल्यावर त्याला आतून क्षीण आवाज ऐकू आला.

त्याने तिथूनच फोन लावला. लेक हादरली. किल्ली तिच्याजवळ होती आणि रविवारच्या आधी तिला निघणं शक्य नव्हतं. तुम्ही कुलूपवालेच आहात काका, उघडा ना, ती म्हणाली. घर बाईंचं आहे, त्यांना बोलू द्या, तो म्हणाला. बाई फोनवर आल्या.

"साहेब जेवलेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "खूण केलीय मी."

फोन बंद झाला. उघडा असंही बाई म्हणाल्या नव्हत्या आणि उघडू नका असंही नाही. किल्लीवाला टपरीत येऊन बसला. आतला आवाज इथवर येत नव्हता, तरी त्याला तो ऐकू येत होता. शेवटी त्याने कोरी किल्ली पकडीत धरली आणि कानस घेतली. नमुना समोर नव्हता, पण तीन वेळा केलेलं काम हातात होतं. दुसरी खाच खोल, तिसरी जेमतेम, शेवटची तिरकी. आयुष्यात पहिल्यांदा काम करताना त्याला कुणी बघू नये असं वाटलं. किल्ली पहिल्या फटक्यात फिरली.

साहेब स्वयंपाकघरात कोरड्या वाटीला टेकून पडले होते. त्याने बोटाने पाणी पाजलं. वाटीच्या वर भिंतीवर कॅलेंडर होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात लाल शाईने बरोबरची खूण होती, आजची, उद्याची, महिनाअखेरची. त्याने पान उलटलं. पुढच्या महिन्यातही एकोणीस तारखेपर्यंत खुणा होत्या. उद्याचं काम आजच हातावेगळं करायची बाईंना ऑफिसापासूनची सवय. रोज सकाळी त्या इथे येऊन खूण बघत असणार आणि समाधानाने मागे फिरत असणार. किल्लीवाल्याला गलबलून आलं. एक किल्ली ठेवून घेतली असती तर काय बिघडलं असतं, हे त्याला सांगता येईना.

त्याने साहेबांना उचललं, कॅलेंडर काढून घेतलं आणि पुन्हा फोन लावून बाईंना बोलावून घेतलं.

"बाई, मी तुमचं दार उघडलं. तुम्हाला न विचारता."

"मी किल्ली तुमच्याकडेच ठेवून आले होते ना?"

त्याने खिशातली नवी किल्ली चाचपली.

"हो बाई. माझ्याकडेच होती."

साहेब टपरीत राहू लागले. दुपारी एकला बाईंचा फोन यायचा. साहेब जेवले का, एवढंच विचारायच्या, आणि तो जेवले म्हणायचा. महिना उलटला. मग फोन दोन-तीन दिवसांनी येऊ लागला. एकदा लेकीनेच केला. आई हल्ली साहेब कोण म्हणून विचारते, असं ती चाचरत म्हणाली. असू द्या, तो म्हणाला.

त्यानंतर फोन आला नाही. वीस तारखेला एक वाजता किल्लीवाल्याने अंडं सोलून वाटीत घातलं. साहेबांनी वाटी चाटूनपुसून स्वच्छ करेपर्यंत तो थांबला. मग कानावरची पेन्सिल काढून त्याने बाईंच्या कॅलेंडरवर लाल खुणांच्या पुढच्या चौकोनात एक खूण केली. एकवीस तारखेचा चौकोन त्याने कोराच ठेवला.