कुंडलिकाच्या चाकाचा छत्तिसावा दात

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. जिथं घडली त्या पळसदेवातच ती पटत नाही, तर इंदापूरच्या एसटी स्टँडावर बारामतीच्या गाडीची वाट बघत बसलेल्या मंडळींना कुठून पटायची? एका नावेनं शर्यत मारली ती चाकाला एक दात कमी होता म्हणून, असं म्हटलं की माणसं लगेच तंबाखू मळायला घेतात. मळा खुशाल. गाडीला अजून उशीर आहे.

कुंडलिक म्हणजे मेंढक्याच्या घरातला. आज्याची मेंढरं मोरगावच्या माळावर चरायची. नातवाची उमर मात्र बारामतीच्या गॅरेजात, दुसऱ्यांच्या गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून चालली होती. डोळ्यांत ऑइल गळायचं आणि वर मालकाची बोलणी. एक दिवस तो उठला, अंग सडलेल्या पण काळीज शाबूत असलेल्या एका फियाटचं इंजिन ट्रॉलीत घातलं आणि पळसदेवाला घरी आला. म्हणाला, आता नाव चालवणार. उजनीच्या पाण्यावर अलीकडच्या काठावरून पलीकडच्या करमाळ्याच्या काठावर माणसं, भाजीच्या पाट्या, शेरडं पोचवणार.

त्या पाण्यावर तोवर एकच नाव चालायची, आबासाहेबांची. तिला पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन. डुग डुग डुग करत जायची. इतकी सावकाश की उतारू मध्येच दोरी सोडून मासे धरायचे. पण ती कधी बंद पडली नाही, हे आबासाहेब मिशीला पीळ देत सांगायचे आणि ते खरं होतं.

कुंडलिकाची नाव मात्र पहिल्याच फेरीला बंद पडली. इंजिनात प्लग चार. कुठल्या प्लगला कधी ठिणगी द्यायची ते ठरवतो डिस्ट्रिब्युटर. रस्त्यावर तो गुणाचा. पाण्यावर तुषार उडाले की त्याच्या टोपणात ओल शिरायची आणि ठिणगी गप. भर पाण्यात नाव उभी राहिली. वारा नाही, वल्हं नाही. नावेत एक गाभण शेरडी होती, ती तिथंच व्याली. आणि करडू काठावर उतरलं तेव्हा त्याला शिंगं फुटली होती.

हसू नका सिंधुबाई, मांडीवरची वांगी सांडतील.

गावानं मग न्याय केला. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचंच असतं. दोन्ही नावांनी पाण्यावरून करावं. पलीकडं जायचं, आपट्याची डहाळी तोडायची आणि परत यायचं. जो आधी येईल त्याची उतारूंची फेरी. हरणाऱ्यानं नाव काठावर ओढून ठेवायची, पुन्हा पाण्यात घालायची नाही. आबासाहेबांना त्याचं काय, त्यांचा ऊस होता, केळी होत्या. कुंडलिकाला मात्र हरणं म्हणजे परत बारामती, परत उताणं, परत डोळ्यांत ऑइल.

तो बारामतीला माऊलीकडं गेला. माऊली टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात धड टीव्ही एकही नव्हता, पण उघड्या टीव्हींतून तो वाटेल ते बनवायचा. कुंडलिकाचं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "ते डिस्ट्रिब्युटर काढ आन् पाण्यात टाक. इंजिनाच्या क्रँकला म्होरं दातेरी चाक बसव. चाकासमोर मी एक डोळा बसवतो. लोहचुंबक आन् तार, बाकी काय न्हाय. लोखंडाचा दात समोरनं गेला की डोळा लवतो. डोळ्याची तार जाती माझ्या सर्किटाच्या डब्यात, त्यो डबा दात मोजतो आन् टायमाला ठिणगी सोडतो. भिजायला हाय काय त्यात?"

"किती दात?"

"छत्तीस. दाताला धा अंश, हिशेब सोपा. आन् त्यातला एक काढून टाकायचा."

"काढायचा? आधी छत्तीस पाडायचे आन् मग त्यातलाच एक तोडायचा?"

"अरं, सगळेच सारखे असले तर डब्याला कळंल कसं, फेरी कुठनं सुरू झाली? जपमाळंत मेरुमणी कशाला असतो? बोटाला कळावं म्हणून. तसं हे. रिकामी जागा आली, की मोज एक पासनं."

कुंडलिकाला हे पटलं. गळ्यातल्या माळेवरून त्यानं तिथंच बोट फिरवून बघितलं म्हणतात.

आता चाक कुठलं? आधी त्यानं सायकलचं पुढचं चक्र आणलं. दात टोकदार, हिशेब तीनशे साठाला बसेना, आणि फिरताना वरातीतल्या व्याह्यासारखं डुलायला लागलं. ते फेकलं. मग भंगारातून ॲल्युमिनियमचं एक चाक मिळालं, देखणं, चांदीसारखं. कुंडलिकाला त्यात तोंड दिसायचं, पण माऊलीच्या डोळ्याला ते चाक दिसेचना. लोहचुंबकाला ॲल्युमिनियमची ओळखच नाही. मग रसवंतीच्या चरकाचं बिडाचं चाक. ते डोळ्याला दिसलं, पण माऊलीनंच हात जोडले. "हे त्या वेगात फिरवलंस तर फुटंल, बाबा. आन् तुकडे शोधायला करमाळ्याला जावं लागंल."

शेवटी कुंडलिकानं आपल्याच मोडक्या ट्रॉलीची जाड पोलादी पट्टी कापली, बारामतीच्या एका लेथवर ती गोल करून घेतली आणि दात पाडून घेतले. दात जेवढा रुंद, खाच तेवढीच रुंद. लेथवाल्यानं छत्तीस दात नीट पाडले. मग कुंडलिकानं त्यातला एक कापायला सांगितलं तेव्हा त्या माणसानं काम थांबवून त्याला पाणी प्यायला दिलं. ऊन लागलं असावं असं वाटलं बिचाऱ्याला.

बसवणं त्याहून अवघड. चाक क्रँकच्या पुलीवर असं बसलं पाहिजे, की मधोमध म्हणजे मधोमध. जरा बाजूला गेलं तर एकीकडं दात डोळ्याला घासणार, दुसरीकडं डोळ्याला दिसणारच नाहीत. कुंडलिकानं पुलीच्या उंचवट्यावर चाक ठोकून बसवलं, बोल्ट आवळले आणि चंद्राबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची, गोधडीची सुई चाकाजवळ रोवली. चाक हातानं फिरवायचं आणि सुईशी अंतर बघायचं. हलतंय दिसलं की परत सगळं सोडवायचं. सुईनं चाक पास केलं तेव्हा त्यानं डोळा बसवला. नावेच्या फळीवर नाही बरं, इंजिनाच्याच अंगावर, जाड पट्टीनं. फळी हलते, इंजिन हलतं, दोघं वेगवेगळे हलले तर मोजणी बोंबलली. दात आणि डोळा यांत एक मिलिमीटरची फट ठेवली. मग पहिल्या प्लगच्या भोकातून सायकलची तार आत सोडली. पिस्टन वर वर येत तार उचलत गेला, आणि जिथं तार वर यायची थांबली तिथं इंजिन धरलं. त्या क्षणी, माऊलीच्या हिशेबानं, रिकाम्या जागेनंतरचा नववा दात डोळ्यासमोर हवा. तसा तो बसवला.

अष्टमीला माऊली डबा घेऊन पळसदेवाला आला आणि इंजिन चालू केलं. डब्यावरचा तांबडा दिवा दर फेरीला लवायला लागला आणि इंजिन असं चाललं, असं चाललं, की काठावरचे बगळे मान डोलवायला लागले. माऊलीनं डबा काढून पिशवीत घातला. डबा भिजू नये म्हणून पिशवी उशाखाली घेऊनच झोपला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा आणि हत्यारांना विश्रांती. कुंडलिक सकाळी पेट्रोल आणायला गेला. चंद्राबाई हळद, कुंकू, झेंडू, नारळ घेऊन काठावर आली. नावेला लावलं, इंजिनाला लावलं, चाकाशी आली आणि थबकली. एक दात मोडलेला!

खंडित वस्तूची पूजा करत नाहीत. हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नवऱ्यानं एवढं मरमर करून आणलेलं चाक, आणि उद्या शर्यत, आणि आज दात तुटलेला. तिनं रामला हाक मारली. राम गावचा वेल्डिंगवाला, पूजेआधी एवढं एक काम कर म्हणाली. रामनं काठावरच्या पंपाच्या पेटीतून वीज घेतली, पोलादाचा तुकडा बसवला, कानशीनं घासून बाकीच्यांसारखा केला. चंद्राबाईनं मग मन भरून पूजा केली. चाकावर हळदीचा इतका भंडारा उधळला की दात कुठला आणि खाच कुठली ते दिसेना. कुंडलिक आला, नमस्कार केला. चालू करून बघायचा प्रश्नच नव्हता, त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत.

दसऱ्याला सगळा गाव काठावर. सरपंचांनी रुमाल टाकला. डुग डुग डुग, आबासाहेब निघाले. कुंडलिकानं स्टार्टर मारला. इंजिन घरघरलं, पेटलं नाही. परत मारला. परत तेच.

"कुंडलिकराव, शेरडी आणू का एखादी?" काठावरून कुणीतरी ओरडलं. हशा.

आबासाहेब पाण्यावरून मागं वळून म्हणाले, "येतो रं कुंडलिका! तवर बारामतीची गाडी बघून ठेव!"

माऊलीनं डबा उघडला, तारा बघितल्या. "डबा बरा हाय. पण दिवा लवंना. मेरुमणी सापडंना त्याला."

कुंडलिक वाकला, चाकावर अंगठा टेकवला आणि चाक हळूहळू फिरवलं. दात, खाच, दात, खाच, दात. पूर्ण फेरी झाली तरी रिकामी जागा आली नाही. त्याला वाटलं, अंगठ्यालाच वेड लागलं. त्यानं धोतराच्या सोग्यानं हळद पुसली. एक दात निळसर, वेल्डिंगचा.

"हे कुणी केलं?"

"मी," चंद्राबाई म्हणाली. "राम आला हुता. खंडित वस्तूची पूजा करत्यात व्हय? दात पडलेला हुता."

"पडलेला न्हाय, पाडलेला हुता! मी पाडलेला!"

"मग तसं बोलायचं हुतं की! घरात तोंड बंद आन् त्या टीव्हीवाल्याजवळ उघडं!"

माऊलीनं करवत पुढं केली. कुंडलिकानं ती घेतली आणि त्याचा हात थांबला. पूजा झालेलं चाक. पुजलेल्या वस्तूला आता करवत लावायची, दसऱ्याच्या दिवशी, आणि खंडित करून तीच नाव पाण्यात घालायची? काठावरची म्हातारी माणसं कुजबुजायला लागली. आबासाहेबांची नाव अर्ध्या पाण्यात पोचली होती. कुंडलिकानं चंद्राबाईकडं बघितलं. दुसऱ्या कुणाला विचारण्यात अर्थ नव्हता.

चंद्राबाईनं काठावर घोंगडं टाकून बसलेल्या आपल्या सासऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं त्याच वेळी बोळकं उघडून जांभई दिली.

"मामंजींच्या तोंडात एकबी दात न्हाय," चंद्राबाई खणखणीत म्हणाली, "तरी रोज सकाळी उठून पाया पडतोच की आमी! त्यास्नी कुणी खंडित म्हणतं व्हय? आणा हिकडं ती करवत."

सगळा काठ हसून फुटला. म्हातारा सगळ्यांत जोरात हसला. आणि चंद्राबाईनं पदर खोचून स्वतः तो दात कापला, कानस मारली, चाकाला पुन्हा बोटभर कुंकू लावलं.

कुंडलिकानं स्टार्टर मारला. दिवा लवला. इंजिन पेटलं. तसं पेटलेलं इंजिन त्या तालुक्यात पुन्हा कुणी ऐकलं नाही. नाव निघाली नाही, सुटली. तुषार इंजिनावर, डब्यावर, डोळ्यावर. चाक ओलंचिंब, आणि ठिणगी एकदाही चुकली नाही. पळसदेवाचे मासे बघायला वर आले आणि मागंच राहिले. आबासाहेब परतीच्या वाटेवर होते तेव्हा कुंडलिक अजून जात होता. आपट्याची डहाळी त्यानं नाव न थांबवता तोडली, वळला, आणि आबासाहेबांच्या शेजारून गेला तेव्हा त्यांची मिशी वाऱ्यानं एका बाजूला झाली ती तशीच राहिली. काठ दिसला. पोरंबाळं ओरडत होती. कुंडलिकाची नाव चिखलात रुतली ती आबासाहेब ठिपक्याएवढे असताना. सरपंचांनी फेरी कुंडलिकाच्या नावावर जाहीर केली, आणि पहिलं सोनं कुंडलिकानं कुणाला दिलं? चंद्राबाईला. मग बापाला. मग माऊलीला. आबासाहेब आले तेही मोठ्या मनाचे, आपट्याचं पान घेऊन गळ्यात पडले. "हारलो गड्या," म्हणाले, "पर तुझ्या बायकोकडनं हारलो."

आणि आबासाहेब एवढे मागं का पडले, तेही ऐकून घ्या. पळसदेवाचं जुनं देऊळ पाण्याखाली असतं, पाणी उतरलं की दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक. दसऱ्याला धरण तुडुंब, देऊळ तळाशी. तर परतताना कुंडलिकाची नाव देवळावर आली, आणि काय तो वेग! पुढचं पाणी दोन्हीकडं असं सरलं, भिंतीसारखं उभं राहिलं, आणि खाली देऊळ उघडं! कळस, मंडप, नंदी, सगळं. पायऱ्या कोरड्या खडखडीत, वर धूळसुद्धा. कुंडलिकानं जाता जाता नावेतून हात लांब करून घंटा वाजवली. टण्ण! आबासाहेब बिचारे नमस्कार करायला थांबले, तिथंच त्यांची शर्यत गेली, आणि कुंडलिक तसाच वाऱ्यासारखा पुढं...

"ओ तात्या," सिंधुबाई म्हणाल्या, "पायऱ्या कोरड्या पडल्या म्हणता, मग ह्याची नाव चालली कशावर?"